फोन तुम्ही केलात, गाडी त्याने चालवली

पत्र (थोडं छोटं केलंय, ओळखीच्या खुणा काढून टाकल्यात):

"नमस्कार. माझ्या नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले. शाळेपासूनचे तीन मित्र, एकाच्या घरी पार्टी होती. रात्री पावणेबाराला मी फोन केला की अरे मुलाला ताप आहे, कधी येतोयस. त्यानंतर तासाभराने हा आणि एक मित्र निघाले. गाडी मित्राची, चालवत पण तोच होता. वाटेत गाडी दुभाजकावर चढून खांबावर गेली. माझा नवरा जागीच गेला, मित्राचा हात आणि बरगड्या मोडल्या, आता बरा आहे. हॉस्पिटलमध्ये दोन तासांनी घेतलेल्या मित्राच्या रक्तात दारूचं प्रमाण ११२ आलं. ज्याच्या घरी पार्टी होती तो म्हणतो मी त्याची किल्ली फ्रिजच्या वर लपवली होती पण तो तासभर सोफ्यावर झोपला, उठून तोंड धुतलं, कॉफी प्यायला आणि म्हणाला उतरली आता, म्हणून दिली.

सासूबाई म्हणतात तू फोन केला नसतास तर तो तिथेच झोपला असता. मित्राच्या घरचे म्हणतात तुझा नवरा पण प्यायलेला होता, स्वतःच्या पायाने गाडीत बसला, मग एकट्या आमच्याच मुलाला दोष का, झालं ते झालं, याला तरी वाचव. स्टेटमेंट जरा नरम द्या आणि एका कागदावर सही करा असं त्यांचं चाललंय. दीर म्हणतो पैसे देतायत तर घे आणि संपव. तो मित्र भेटायला यायचं म्हणतो, माफी मागायला. दोन मेसेज आले, मी उत्तर दिलं नाही. मुलगा आठ वर्षांचा आहे, परवा विचारत होता बाबा पण प्यायले होते का. चूक नक्की कुणाची? माझी किती? त्याला भेटू का?

ता. क. फोनवर मी विचारलं होतं की गाडीवाला मित्र प्यायलाय का. नवरा हसून म्हणाला, थोडीशीच. मी म्हटलं बरं, सावकाश या."

ताई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही वाटलं की प्रश्न तीन आहेत. तिसऱ्यांदा वाचताना कळलं की खरा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्ही ता. क. मध्ये टाकलाय, सगळं लिहून झाल्यावर, निघताना चपला घालता घालता सांगावं तसा. 'थोडीशीच' आणि 'सावकाश या'. पाच महिने तेच डोक्यात फिरत असणार. म्हणून तिथूनच सुरू करतो, बाकीचे लोक जरा थांबतील.

१९८२ साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला, त्यातली गोष्ट ऐका. एक माणूस, वय ४७, ऑफिसातून घरी निघतो. ही गोष्ट लोकांना दोन प्रकारे वाचायला दिली. एका प्रकारात तो नेहमीच्याच वेळेला निघतो पण रस्ता वेगळा धरतो, जरा समुद्र बघत जाऊ म्हणून. दुसऱ्यात रस्ता नेहमीचाच पण बायकोने घरची काही कामं सांगितलीयत म्हणून तो लवकर निघतो. पुढे दोन्हीत सारखंच. चौकात सिग्नल पिवळा होतो, आरामात निघून जाता आलं असतं पण तो ब्रेक मारून थांबतो, सिग्नल सुटतो, तो निघतो आणि बाजूने एक ट्रक भरधाव येऊन त्याला उडवतो. जागीच ठार. ट्रक चालवणारा पोरगा नशेत. मग लोकांना सांगितलं की घरची माणसं 'जर त्या दिवशी...' असं म्हणत बसली असतील, ते वाक्य तुम्ही पुरं करा. लोकांनी काय लिहावं? वेगळ्या रस्त्याने गेला नसता तर. लवकर निघाला नसता तर. सिग्नलला थांबला नसता तर. तो पोरगा नशेत नसता तर, असं लिहिणारे अगदी थोडे निघाले.

म्हणजे बघा, ट्रकवाला समोर उभा आहे आणि लोक सिग्नलला थांबणाऱ्याला दुरुस्त करतायत. मन असंच चालतं, त्या दिवशी जे नेहमीपेक्षा वेगळं घडलं तेच धरून बसतं कारण तेवढंच उचलून बाजूला ठेवणं सोपं वाटतं. मित्राचं पिणं हे दर पार्टीतलं, त्याचं कुणाला काय वाटणार. तुमचा फोन मात्र त्या रात्रीचा, मुलाला ताप होता म्हणून केलेला, तो लगेच डोळ्यात भरतो. सासूबाई फोनपाशी अडकल्यात ते यामुळे, आणि खरं सांगायचं तर तुम्ही पण. त्या प्रयोगात आणखी एक गंमत होती (गंमत म्हणू नये पण असो), तीच गोष्ट जेव्हा त्या पोराकडून सुरू करून सांगितली तेव्हा लोक त्याच्याबद्दल लिहायला लागले, हा घरातून निघालाच नसता तर वगैरे. गोष्ट कुणाकडून सुरू होते त्यावर दोष कुठे जाऊन बसतो ते ठरतं. तुमच्या घरात गेले पाच महिने ती पावणेबाराच्या फोनपासून सुरू होतेय. एकदा गाडी चालवणाऱ्या मित्राकडून सुरू करून बघू या.

तो गाडी घेऊन पार्टीला गेला. प्यायचं आहे हे माहीत होतं, गाडी आपलीच आहे हे माहीत होतं, परत कसं जायचं याचा विचार शुद्धीत असताना, संध्याकाळी, करता येत होता. ही पहिली वेळ. दुसरी वेळ म्हणजे मित्राने किल्ली लपवली तेव्हा, कारण किल्ली लपवणं म्हणजे तोंडावर सांगणंच झालं की बाबा तू चालवण्याच्या अवस्थेत नाहीस. तिसरी वेळ, झोपून उठल्यावर. तेव्हा टॅक्सी बोलावता आली असती, सकाळपर्यंत थांबता आलं असतं, त्याने किल्ली मागून घेतली. आणि चौथी वेळ म्हणजे गाडीत बसल्यावर शेजारी माणूस बसलाय, त्याच्या घरी तापाने फणफणलेलं पोर वाट बघतंय हे माहीत असताना गाडी सुरू केली ती. चार वेळा थांबता येत होतं आणि चारही वेळा निर्णय त्याच्या एकट्याच्या हातात होता. तुमच्या फोनच्या वेळी तुमच्या हातात काय होतं? एक प्रश्न विचारणं. तो तुम्ही विचारलात.

आता 'उतरली होती' चं बघू, कारण ते लोक हे कोर्टात पण म्हणणार. शरीरातून दारू बाहेर काढायचं जवळजवळ सगळं काम लिव्हर करतं आणि ते आपल्या चालीने करतं, तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम, रक्ताच्या १०० मिलीमागे. कॉफीने ही चाल वाढत नाही, तोंड धुऊन नाही, थंड पाण्याची आंघोळ करून नाही, ओकून पण नाही कारण जी रक्तात गेली ती गेली. कॉफीने फक्त झोपाळू दारुडा जागा होतो, आणि तो जास्त धोक्याचा कारण त्याला वाटतं आपण ठीक आहोत. तुमच्या रिपोर्टमधलं ११२ हे दोन तासांनंतरचं आहे ना? मग गाडी चालवताना ते अंदाजे १३० ते १५० च्या मध्ये कुठेतरी असणार. (शेवटचा पेग कधी घेतला यावर हा आकडा थोडा हलतो, तज्ज्ञ तो हिशोब मांडतात, तुमच्या वकिलांना हे नक्की विचारायला सांगा.) तासाभराच्या झोपेने त्यातले फार तर वीस कमी झाले असतील. पूर्ण उतरायला सकाळचे नऊ-दहा वाजले असते, जास्तच. आणि कुठल्याही देशाचा नियम काढा, नॉर्वे-स्वीडनमध्ये लिमिट २०, भारतात आणि जपानमध्ये ३०, जर्मनी-फ्रान्समध्ये ५०, आणि अगदी सैल म्हणाल तर इंग्लंड आणि अमेरिकेतली बहुतेक राज्यं, तिथे ८०. त्याचा आकडा या सगळ्यांच्या वर आहे, आणि तो पण उतरल्यानंतरचा.

हे आकडे हवेतले नाहीत. रॉबर्ट बोर्कनस्टीन म्हणून अमेरिकेत एक पोलीस होता, ते फुंकर मारायचं यंत्र त्यानेच १९५४ मध्ये बनवलं. पुढे त्याने आणि त्याच्या लोकांनी ग्रँड रॅपिड्स नावाच्या शहरात अपघात केलेले हजारो ड्रायव्हर आणि त्याच रस्त्यांवरून नीट गेलेले हजारो ड्रायव्हर यांच्यातलं दारूचं प्रमाण ताडून बघितलं, १९६४ साली ते छापून आलं, तेव्हापासून कळलंय की ८० च्या पुढे धोका सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. दीडशेच्या आसपास तो वीस-पंचवीस पट होतो. आणि सगळ्यात वाईट भाग हा की दारू आधी तोच कोपरा बंद करते जिथून आपल्याला कळतं की आपल्याला जास्त झालीये. म्हणून 'मी ठीक आहे' हे प्यायलेल्या माणसाचं वाक्य पुरावा म्हणून घेताच येत नाही, ते लक्षण आहे. तुमच्या नवऱ्याने 'थोडीशीच' म्हटलं ते पण त्याच खात्यात टाका. तो खोटं बोलला असं नाही, त्याला तेवढंच दिसत होतं.

आता जे बोलायचंय ते जरा अवघड आहे. राग आला तर येऊ द्या.

'तो स्वतःच्या पायाने बसला' हे त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. तुमचा नवरा मोठा माणूस होता, मित्राने किती घेतली ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, किल्ली लपवलेली बघितली असणार, आणि तरी तो बसला. त्याचा वाटा आहे. पण किती? हा प्रश्न कोर्टांना पण पडलाय. इंग्लंडमध्ये १९७६ साली एका केसचा निकाल लागला, त्यात दोन मित्र एकत्र पबमधून पबमध्ये पीत फिरले, दोघांनी प्रत्येकी आठ-नऊ पाइंट (मोठे ग्लास) बिअर घेतलेली, परत येताना गाडी खांबावर आदळली आणि शेजारी बसलेल्याला जबर मार लागला. ड्रायव्हरच्या बाजूने हेच म्हटलं गेलं की याला सगळं माहीत होतं, हा स्वतः बसला. जज म्हणाले बरोबर आहे, माहीत होतं, म्हणून भरपाईतले वीस टक्के कापले. वीस. ऐंशी टक्के ड्रायव्हरच्याच डोक्यावर राहिले, दोघं बरोबरीने प्यायलेले असताना. आणि हा नुसता पैशांचा हिशोब झाला, फौजदारी गुन्ह्यात 'शेजारचा पण प्यायला होता' याने चालवणाऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही. शेजारी बसलेला प्यायला होता म्हणून स्टिअरिंग वाकडं होत नाही.

तुमच्याकडे टक्के तेवढेच लागतील असं मी म्हणत नाहीये, प्रत्येक ठिकाणचे कायदे वेगळे, प्रत्येक केस वेगळी. मला सांगायचंय ते एवढंच की नवऱ्याचा वाटा आहे असं म्हटल्याने मित्राचा वाटा कमी होत नाही, ही काही पोळी नाही की याला जास्त दिली की त्याला कमी पडली. आणि दुसरं, तुम्हाला नवऱ्याचा राग यायची मुभा आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यांवर चिडचिड आहे, सासूबाई, दीर, मित्र, स्वतःवर तर आहेच आहे, फक्त एका माणसावर नाहीये. गेलेल्या माणसावर चिडायचं नसतं असं आपल्या मनात घट्ट बसलंय, मग तो राग जागा शोधत फिरतो आणि शेवटी आपल्याच डोक्यावर येऊन बसतो. घरात पोर तापाने तळमळतंय आणि हा हसून 'थोडीशीच' म्हणतो, याचा राग येणारच की हो. येऊ द्या. त्याने प्रेम कमी होत नाही.

मीही या बाबतीत धुतल्या तांदळाचा नाही, ते सांगून टाकतो. पंचविशीत एकदा चार-पाच पेग घेऊन मोटरसायकलवरून घरी आलोय, मागे एकाला बसवून. रस्ता रिकामा होता, कुणी आडवं आलं नाही, सकाळी उठून दोघं त्यावर हसलो सुद्धा. त्या मित्रात आणि माझ्यात फरक रिकाम्या रस्त्याचा आहे, अकलेचा नाही. कित्येक वर्षं मला वाटायचं की म्हणूनच अशा लोकांना फार दोष देऊ नये, आपणही तेच केलंय. आता उलटं वाटतं. त्याचा दोष माझ्यामुळे कमी होत नाही, माझा वाढतो, एवढंच.

किल्लीवाला मित्र. याच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय पण मला वाटतं तुमच्याहून जास्त झोप त्याची उडालेली असणार. त्याने बरोबर केलं होतं, मग ते मोडलं. जपानमध्ये २००६ साली फुकुओकाला एका प्यायलेल्या ड्रायव्हरने पुलावर एका कुटुंबाच्या गाडीला मागून धडक दिली, गाडी समुद्रात पडली, तीन लहान मुलं गेली. देश इतका हादरला की पुढच्या वर्षी कायदाच बदलला, आता तिथे प्यायलेल्याला गाडी देणारा, तो चालवणार हे माहीत असून त्याला दारू पाजणारा आणि माहीत असून त्याला मला सोड म्हणत शेजारी बसणारा, तिघांनाही वेगळी शिक्षा आहे. गाडी देणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच, बाकी दोघांना त्याहून कमी. मला हा कायदा आवडतो कारण तो वाटे वेगवेगळे मोजतो, सगळ्यांना एका पोत्यात भरत नाही. पण बारकाईने बघा, त्यात पण दोष त्यांनाच लागतो ज्यांना माहीत होतं आणि जे तिथे होते. घरून फोन करणारी बायको त्या यादीत कुठे नाही, इतका कडक कायदा असून नाही. किल्लीवाल्याचा वाटा तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि ड्रायव्हरपेक्षा कितीतरी छोटा, असं माझं मत. त्याने ही किल्लीची गोष्ट स्टेटमेंटमध्ये सांगितलीये का, हे मात्र वकिलाकडून काढून घ्या, कारण 'उतरली आता' हे वाक्य ऐकलेला जिवंत माणूस तो एकच आहे.

मग तुमचं काय. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने एका लॉरीवाल्याचं उदाहरण दिलं होतं, त्याची काही चूक नसताना एक मूल लॉरीखाली येतं. बघणाऱ्या सगळ्यांना वाईट वाटतं पण लॉरीवाल्याला जे वाटतं ते वेगळंच असतं, आणि आपण त्याला समजावतो खरं की तुझी चूक नाही, पण त्याने लगेच 'हो ना, नाहीच' म्हणून हात झटकले तर आपल्यालाच खटकेल. आपल्याकडे यासाठी शब्द आहे, खंत. खंत वेगळी, दोष वेगळा. 'सावकाश या' ऐवजी 'टॅक्सी कर' म्हटलं असतं तर, ही खंत तुम्हाला राहील, कदाचित कायमची, ती काढून टाकायचं औषध माझ्याकडे नाही आणि मी खोटं आश्वासन देणार नाही. पण कुणी तिला दोष म्हणायला लागलं, अगदी तुम्ही स्वतः, तर तिथे थांबवा. तो किती प्यायलाय ते तुम्हाला दिसत नव्हतं. तुम्ही विचारलंत, तुम्हाला चुकीचं उत्तर मिळालं, त्या उत्तरावर कुठलीही बायको जे म्हणेल ते तुम्ही म्हणालात.

एक शब्दाची गोष्ट सांगतो, जरा आडवाटेने. 'गाडी खांबावर गेली' असं तुम्ही पण लिहिलंय. गाडी गेली. 'झालं ते झालं'. 'वेळ भरली होती'. आपल्या भाषेत अशी वाक्यं फार सोयीची आहेत, त्यात करणारा माणूसच नसतो, सगळं आपोआप होतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्ये 'ॲक्सिडेंट' हा शब्दच आपल्या पानांवर बंद करायचं ठरवलं होतं, कारण त्यातून वाटतं की हे टळणारं नव्हतंच. मी अपघात शब्दाच्या मागे लागणार नाही पण स्टेटमेंट देताना तेवढं सांभाळा, गाडी गेली म्हणू नका, त्याने घातली म्हणा. किंवा जे तुम्हाला माहीत आहे तेच म्हणा. तुम्ही गाडीत नव्हता. तुम्हाला माहीत आहे तो फोन, त्याची वेळ, मागून ऐकू येणारे आवाज, 'थोडीशीच'. तेवढं सांगा, वाढवून नको, नरम करून पण नको. हो, 'थोडीशीच' सुद्धा सांगा, वकिलाला आधी विचारून. लपवलेलं वाक्य पुढे उलटतपासणीत बाहेर आलं तर जास्त लागतं.

कागदावर सही नाही. कुठल्याही कागदावर नाही, वकिलाने वाचल्याशिवाय नाही, दीर शेजारी बसून पेन पुढे करत असला तरी नाही. बऱ्याच ठिकाणी विम्याची भरपाई आणि फौजदारी केस या दोन वेगळ्या वाटा असतात आणि 'आमचं काही म्हणणं नाही' अशी एक ओळ दोन्हीकडे नडू शकते. भरपाई तुमचा हक्क आहे, ती रीतसर मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गप्प बसायचे पैसे आणि भरपाई यात फरक आहे, आणि दिराला तो कळत नाही असं नाही, त्याला हे सगळं एकदाचं संपायला हवंय. त्याचा पण भाऊ गेलाय. फोनचा कॉल लॉग, ते दोन मेसेज, त्यांच्या घरच्यांचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा, आजच.

भेटायचं का? आत्ता नको. त्याला खरंच पश्चात्ताप झालेला असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण सध्या त्याची माफी आणि त्याच्या घरच्यांचा कागद एकाच दारातून आत येतायत आणि तुम्हाला त्या दोन वेगळ्या करता येणार नाहीत, त्यालाही येणार नाहीत कदाचित. केस संपू दे. त्याला खरंच बोलायचं असेल तर आधी कोर्टात बोलू दे की मी प्यायलो होतो, किल्ली मी मागून घेतली. हे बोलायला त्याला तुमची परवानगी लागत नाही. त्यानंतरही तुम्हाला वाटलं तर भेटा, तुमच्या ठरवलेल्या जागी, तुमचं माणूस बरोबर घेऊन, आणि उठून जायची वेळ तुम्ही ठरवायची. काही देशांत अशा भेटी घडवून आणणारे ट्रेनिंग घेतलेले लोक असतात, ते दोन्ही बाजूंशी आधी वेगवेगळं बोलतात, महिनोनमहिने, मग समोरासमोर बसवतात, यावरून कल्पना करा की हे चहा प्यायला येतो म्हणण्याइतकं साधं नाही. आणि नाही भेटलात तरी चालेल. माफ करणं हे तुमच्यावरचं कर्ज नाही. मेसेजला उत्तर द्यायचंच असेल तर एक ओळ, 'आत्ता बोलणार नाही, मेसेज करू नका'. पुढे काही लिहू नका.

सासूबाईंशी वाद घालून जिंकायला जाऊ नका. त्यांना मुलावर रागावता येत नाही, त्याच्या मित्राला त्यांनी लहानपणापासून जेवू घातलंय, तिथेही राग पोचत नाही, तुम्ही तेवढ्या समोर आहात. समजून घ्या पण ऐकून घेऊ नका. पुढच्या वेळी त्या फोनचं बोलल्या की एकदाच, शांतपणे सांगा, 'आई, मी त्याला घरी बोलावलं, प्यायलेल्याच्या गाडीत बस म्हणाले नाही.' एवढंच म्हणा आणि दुसऱ्या खोलीत जा. हे थांबवणं गरजेचं आहे, तुमच्यासाठी आहेच, पण त्याहून मोठं एक कारण आहे ज्याच्याकडे मला वाटतं अजून घरात कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

मुलाने विचारलं, बाबा पण प्यायले होते का. याचं उत्तर सोपं आहे, हो. आठ वर्षांच्या मुलाला खरं सांगा, थोडक्यात, 'हो, बाबा पण प्यायले होते, पण गाडी काका चालवत होता आणि प्यायल्यावर गाडी चालवायची नसते हे त्याला माहीत होतं.' पुढचं विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर तिथे थांबा. शाळेत कुणीतरी बोललं असणार, आज ना उद्या त्याला कळणारच, तुमच्याकडून कळलेलं बरं.

पण तो हा प्रश्न का विचारतोय ते बघा. सासूबाईंचं 'फोन केला नसतास तर' त्याच्या कानावर पाच महिने पडतंय. आणि फोन का केला होता? त्याला ताप होता म्हणून. या वयाची मुलं हा हिशोब पटकन करतात आणि कुणाला सांगत नाहीत, मनातल्या मनात ठेवून देतात, मला ताप आला, आईने फोन केला, बाबा निघाले. तो तुम्हाला विचारत नाहीये की बाबा प्यायले होते का, तो शोधतोय की आणखी कुणाची चूक असू शकते का. मी चुकत असेन तर बरंच आहे. पण आज रात्री झोपताना, दिवा बंद केल्यावर, स्वतःहून त्याच्याकडे विषय काढा. तुझ्या तापाचा याच्याशी काही संबंध नव्हता, ताप सगळ्यांना येतो, असं त्याला शब्दांत म्हणा, नुसतं जवळ घेऊन नाही. आणि एकदा म्हणून होणार नाही, आठवड्याने परत म्हणा.